नव्या पिकअपमधलं पाणी

गाडी तिसऱ्यांदा टुंग वाजली तेव्हा मी औदुंबरला म्हटलं, "अरे, तिला काय पाहिजे ते एकदा देऊन टाक. तान्हं लेकरू बरं, ते दूध दिल्यावर गप्प तरी बसतं."

"पट्टा लाव म्हणत असंल, आई."

"लावलाय की! गळ्यापासून पोटापर्यंत आवळून बसवलंय मला. बाजाराला नेतात ती शेळी यापेक्षा मोकळी असते."

आमच्या दोघांच्या मधे माझी सून केशर बसली होती. ती पदर तोंडाला लावून हसली. लग्नाला वर्ष व्हायचं होतं तिच्या, मोकळं हसायची चोरी होती. आणि माझं तोंड कसं आहे ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

जूनचा पहिला आठवडा. सकाळचे साडेआठ, पण ऊन मानगुटीवर बसलेलं. आत मात्र गारवा, काचा बंद, बारीक आवाजात गाणं चाललेलं. चहाचा भरला कप पुढं ठेवला तर थेंब सांडू नये अशी गाडी चालत होती. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली होती. दारात उभी राहिली की भावकीचे डोळे तिच्यावरून सरकायचे, ते मला दिसायचं. पडद्यावर मागचा रस्ता दिसतो म्हणून औदुंबर ज्याला त्याला दाखवायचा. मी म्हणायचे, मान वळवायला काय पैसे पडतात का? पण म्हणताना छाती माझीच फुगलेली असायची.

मागं गाडीच्या हौद्यात मोठी निळी टाकी होती आणि टाकीत आमचे चौदा कटला. सात माद्या, सात नर. उसाला बेणं लागतं तसं माशालाही लागतं. हे आमचे बेण्याचे मासे. पाऊस पडला की त्या माद्यांनी अंडी सोडायची, त्यातून जिऱ्याएवढी पिल्लं, म्हणजे जिरे, निघायचे, जिऱ्याची बोटाएवढी बोटुकली व्हायची, आणि ती बोटुकली चार तालुक्यांतल्या तळ्यांत जायची. माझ्या मालकांनी पंधरा वर्षं घालून हे बेणं उभं केलं होतं. हजारात एक मासा ठेवायचा, बाकीचे विकायचे. पुढच्या साली त्यांच्यातला पुन्हा एक. आम्ही जातीचे भोई. सासऱ्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या ठेक्यावर जाळं ओढलं. या चौदा माशांनी आमच्या हातातलं दुसऱ्याचं जाळं सुटलं होतं. ते गेले तर परत ओढायला लागणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

धरणाचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटाला आटतं, आमचं काठावरचं तळं डबक्याएवढं होतं. म्हणून दरसाल जूनच्या तोंडाला बेण्याचे मासे तिथून काढायचे आणि साठ मैलांवरच्या आमच्या सिमेंटच्या हौदांत नेऊन सोडायचे. मालक होते तोवर हे काम जुन्या पिकअपमधून व्हायचं, तेही ऊन वर यायच्या आत. त्या गाडीची मागची काच फुटली होती. मालकांनी ती कधी बसवली नाही. त्या भोकातून टाकीतलं पाणी ऐकू यायचं. आणि तिचे चाकांवरचे लोखंडी पाटे असे कडक की बारीकसा खडा चाकाखाली आला तरी टाकीतलं पाणी उसळून वरच्या झाकणावर आपटायचं. ते उसळणंच माशाचा श्वास. हलत्या पाण्यात हवा शिरते, थांबलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. आम्ही बायका लहानपणापासून घागरीतले जिरे नेताना घागर हलवत चालतो, ती काय हौस म्हणून नाही.

ती गाडी चालवायचा लहू, माझा धाकटा दीर. मालकांच्या तेराव्याला त्यानं माझ्यापाशी माशांची एक जोडी मागितली.

"वैनी, दादाबरोबर मी पण राबलोय. एक नर, एक मादी. जास्त नको."

सगळी भावकी पंगतीला बसली होती. मी मोठ्यानं म्हटलं, "राबलास त्याची भाकरी खाल्लीस. मासे माझ्या नवऱ्याचे. तुला वाटणी पाहिजे तर ते खटारं घेऊन जा."

चारजण हसले. लहूनं खुंटीवरची किल्ली काढून घेतली आणि उष्ट्या हातानं बाहेर गेला. त्यावर तीन वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं.

तर गाडी चौथ्यांदा वाजली. आता पडद्यावर पिवळं काहीतरी लागलं.

"काय म्हणतीय?"

"युरिया म्हणतीय."

"शेतात टाकतात तो?"

"तसलाच, पाण्यातला. धूर साफ करायला लागतो नव्या गाडीला."

"मग घाल की पाजून."

"टाकी भरलेली आहे, आई. परवाच भरलीय. तिलाच कळंना झालंय."

भरलेलं पोट भरलंय हे जिला कळत नाही तिच्या हातात आपण चौदा मासे दिलेत, असं मी म्हणेपर्यंत गाडीचा वेग उतरला. औदुंबर पाय दाबतोय आणि गाडी माणसाच्या चालीनं चाललीय. बैलगाडीवाला पुढं गेला आमच्या. मग तीही चाल संपली. बाभळीच्या दोन झाडांपाशी गाडी रस्त्याकडंला टेकली आणि बंद पडली.

औदुंबर बटण दाबत राहिला. किल्ली फिरवायचीच नव्हती तिला, बटणच होतं. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली. केशर दहावी शिकलेली, तिनं वाचून सांगितलं, "गाडी दुरुस्तीला घेऊन जा, असं लिहिलंय."

"न्यायची कशात? हिच्यातच ना!"

दार उघडून केशर खाली उतरली, मागं गेली. तिथूनच ती म्हणाली, "आत्याबाई, पाणी गप्प आहे."

टाकी ज्यानं बसवली होती त्यानं हवेचा पंप गाडीच्याच विजेवर जोडून दिला होता. गाडी बंद, तर पंप बंद. आत बसल्या बसल्या तो किती वेळ बंद होता, देव जाणे. बंद काचेत, गाण्यात, आम्हाला तिघांनाही पाण्याची आठवण झाली नव्हती. मासे नेताना आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

औदुंबरनं कंपनीला फोन लावला. आधी एका बाईनं त्याला एक दाबायला लावलं, मग दोन, मग गाणं ऐकवलं. मग एक माणूस गोड आवाजात म्हणाला की आमचा कारागीर तीन ते चार तासांत येईल, गाडीला कॉम्प्युटर लावून बघेल.

"साहेब, जनावरं आहेत गाडीत," औदुंबर म्हणाला.

"कोणती जनावरं, सर?"

"मासे."

पलीकडं बटणं वाजली आणि तो माणूस म्हणाला, "तुमची तक्रार नोंदवली आहे, सर."

मग पोरानं पुढचं झाकण उघडलं. जुन्या गाडीचं झाकण उघडलं की सगळं समोर दिसायचं, कोंबडीचं पोट फाडावं तसं. लहूनं एकदा माझ्या देखत चपलेचा पट्टा कापून त्यात बसवला होता आणि गाडी घरापर्यंत आणली होती. हिच्या आत दुसरं काळं झाकण, त्याच्या आत तिसरं. हात घालायला जागा नाही. औदुंबरनं कशीबशी पंपाची वायर दातानं सोलली आणि सरळ बॅटरीला टेकवली. निळी ठिणगी उडाली. मागून पंपातून जळका वास आला.

तो तसाच उभा राहिला. वायरीची दोन टोकं त्याच्या दोन हातांत.

"मी जाळला पंप," तो म्हणाला.

"जळला तर जळला," मी म्हटलं. "मालक काय पंप घेऊन जन्मले होते? घागर काढ."

पाणी घागरीनं उपसायचं आणि हात उंच करून वरून सोडायचं. जितकी उंच धार, तितकी हवा. पण हजार लिटरची टाकी, मासे सात-सात किलोचे, आणि घागर एक. केशरनं डब्याचं झाकण घेतलं आणि त्यानं पाणी मारायला लागली. आजूबाजूला ना विहीर ना कालवा, नुसतं माळरान. एक कांद्याचा टेम्पो थांबला. त्याला टाकीच नव्हती, त्यात मासे कुठं ठेवणार? तो हळहळून निघून गेला. मग एक मोटारसायकलवाला थांबला. तालुक्याला पंपाचं दुकान आहे म्हणाला, सोळा किलोमीटर. औदुंबर त्याच्या मागं बसला. बसता बसता तो केशरला म्हणाला, "लहूकाकाला फोन लाव. त्याचं गाव इथून वीस मिनिटांवर आहे, त्याच्या गाडीवर टाकी बांधलेलीच असते. म्हणावं असंल तसा ये."

माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं ते त्याला ठाऊक होतं. मोटारसायकल गेली.

केशरनं हात पदराला पुसले आणि फोन काढला.

"ठेव तो," मी म्हटलं.

"आत्याबाई, हे म्हणाले की..."

"तो काय आणतो ते आधी बघू. तालुक्याला पंपाला तोटा आहे का? त्या खटाऱ्यात मी माझे मासे घालायची नाही. उद्या लहू गावभर सांगत फिरेल, वैनी रस्त्याच्या कडंला घागर घेऊन बसली होती, मी उचलून आणली."

"तसं नाही बोलायचे ते."

"तुला काय माहीत तो कसं बोलतो? तू तेव्हा घरात होतीस का?"

तिनं फोन टाकीच्या कठड्यावर ठेवला आणि पुन्हा झाकण उचललं.

माशाचं एक वाईट असतं, तो ओरडत नाही. म्हैस अडली तर हंबरते, कोंबडी सापडली तर गाव गोळा करते. मासा नुसता वर येतो, पाण्याच्या कातडीला तोंड लावतो आणि तोंड उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. चौदा तोंडं एका वेळी. मी एका जागी धार सोडली की तिथं सगळे गोळा व्हायचे, एकमेकांना ढकलायचे नाहीत, नुसते खाली उभे राहायचे, धारेखाली तोंड करून. माझा हात खांद्यातून दुखायला लागला. मी हात बदलला. मग दुसराही दुखायला लागला. ऊन टाकीवर आलं होतं. मी अंगावरचा पदर सोडून टाकीवर धरला, तर धार सोडायला हात राहीना. पदर केशरच्या डोक्यावरून ताणला, तर झाकण मारायला तिला येईना. दोन बायका आणि एक टाकी, त्यात काय काय होणार?

"आता लावू का?" केशरनं विचारलं.

"अजून वेळ आहे."

वेळ नव्हता. मला दिसत होतं. मोठा नर, ज्याच्या पाठीवर जाळ्याचा जुना व्रण होता, तो कुशीवर झाला होता. मी बाही वर सारून हात खाली घातला, त्याला सरळ केलं. पुढं-मागं, पुढं-मागं, पाणी त्याच्या कल्ल्यातून जावं म्हणून हलवत राहिले. सोडला की परत कुशीवर. मी त्याला धरून ठेवलं, तर बाकीच्यांची धार थांबली. सोडलं तर तो जात होता. मी सोडलं.

केशरनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती फक्त एकदा फोनकडं बघायची, मग माझ्याकडं. तिनं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण वर्षाची सून, तिनं कसं विचारावं? दोनदा विचारलं हेच तिचं धाडस. रोज माझा शब्द खाली पडू न देणं मीच तिला शिकवलं होतं. त्या दिवशीही ती तेच करत होती.

एकामागं एक ते कुशीवर होत गेले. मी मोजत नव्हते. पांढरी पोटं वर आली की केशर त्यांना काढून हौद्यात एका बाजूला ठेवायची, त्यांच्यावर ओलं पोतं घालायची. जणू त्यांना ऊन लागेल.

औदुंबर आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दुकान दहाला उघडतं म्हणे. तो बंद शटरपुढं अर्धा-पाऊण तास बसला होता. हातात नवा कोरा पंप. त्यानं खोका फोडला आणि पंपाच्या वायरीचं टोक बघितलं. घरातल्या भिंतीत घालायची पिन होती ती. तो त्या पिनीकडं बघत राहिला, मग माळरानाकडं.

मग त्यानं टाकीत बघितलं, पोत्याकडं बघितलं.

"काका कुठाय?"

मी घागर खाली ठेवली. "लागला नाही फोन."

"लागला नाही?"

"त्याच्या तिकडं कुठली आलीय रेंज. लावून लावून थकलो."

त्यानं केशरकडं बघितलं. ती टाकीत हात घालून उभी होती. तिनं हात बाहेर काढले नाहीत.

"हो," ती म्हणाली. "लावला पुष्कळदा."

औदुंबरनं स्वतःचा फोन काढला, लावला आणि कानाला धरला. एकच घंटी वाजली असेल. "काका," तो म्हणाला. मग त्यानं बाभळीची खूण सांगितली.

लहूची गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. सगळे नट ढिले असल्यासारखी ती खडखडत आली आणि आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी राहिली. तिचा रंग आणखी उडाला होता. टाकीत निम्मं पाणी भरूनच आणलं होतं त्यानं, ते अजून डुचमळत होतं. लहूनं मला नमस्कार केला नाही, मीही मान हलवली नाही. तो सरळ आमच्या हौद्यात चढला, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, पाणी हुंगलं.

"कधीपासून?"

"पावणेनऊ," औदुंबर म्हणाला.

"पावणेनऊ?" लहू वळला. "मग मला आत्ता..."

"काका, ह्या दोघी तेव्हापासून फोन लावतायत तुला. तुझा लागतच नव्हता."

लहूनं खिशातून त्याचा बटणाचा फोन काढला. उन्हात हाताची सावली करून त्यानं तो बघितला. फोनमधे सगळं उमटतं म्हणे, कोण लावत होतं, किती वाजता. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. भावकीच्या पंगतीत मी त्याला जे बोलले होते, ते सगळं व्याजासकट परत द्यायला त्याला एक वाक्य पुरे होतं. पोर समोर उभं होतं. मी मनात म्हटलं, बोल. एकदाचं बोल.

"हां," लहू म्हणाला. "मळ्यात होतो मी. तिकडं रेंज नसते."

त्यानं फोन खिशात ठेवला. "औद्या, जाळी धर. जिवंत आहेत ते आधी."

चार होते. जाळीतून जाळीत, त्याच्या टाकीत घातले. लहूनं मला पुढं बसायला सांगितलं नाही आणि मी बसले नाही. मी मागं टाकीपाशी बसले. त्या गाडीत पाणी कसं उसळत होतं! खड्डा आला की माझ्या तोंडावर, छातीवर. माझी हाडं वाजत होती आणि मासे हळूहळू सरळ होत होते. एकानं शेपटीचा फटकारा मारला. मला त्या गाडीचा, त्या पाट्यांचा असा राग आला की सांगता येत नाही. ही पावणेनऊला वीस मिनिटांवर उभी होती.

पोहोचेपर्यंत चारातले दोन राहिले. दोन्ही माद्या. नर एकही नाही. मालकांचं बेणं तिथं संपलं. एक जोडी लहूच्या तळ्यात असती तर संपलं नसतं, हे हौदाच्या काठावर उभं असताना आम्हा चौघांच्याही मनात आलं असणार.

लहू चहाला थांबला नाही. "पाणी बदला उद्या," एवढंच म्हणाला, तेही औदुंबरला.

पाच वर्षं झाली या गोष्टीला. औदुंबरनं ती नवी गाडी दोन महिन्यांत विकली आणि कुठल्याशा भंगारातून लहूच्या गाडीपेक्षाही जुनी एक पिकअप उभी करून आणली. आता बाहेरून विकत आणलेल्या बेण्यावर धंदा रांगतो. दोन वर्षं त्यानं दुसऱ्याच्या ठेक्यावर जाळंही ओढलं. मासेवाल्यांत कुणी नवी गाडी घ्यायचं काढलं की तो त्याला बसवून घेतो आणि त्या दिवसाची गोष्ट सांगतो. "गाडी अशी पाहिजे की बिघडली तर आपल्याला कळलं पाहिजे काय बिघडलं. हाताला सगळं लागलं पाहिजे. ते पडदे आणि शिट्ट्या शहरातल्या लोकांना." लोक माना डोलवतात. यात खोटं काही नाही, मीही तेच म्हणते. जुनीच गाडी बरी. पण तो पुढं म्हणतो, "हौस माझी. गाडी मी घेतली, पंप मी जाळला. माझ्या हातानं घालवलं बापाचं बेणं." तेव्हा मी तिथून उठते.

लहू गेला मागच्या श्रावणात. मी त्याच्या दारात गेले, सात वर्षांत पहिल्यांदा, तर तो खाली निजवलेला. काय बोलणार होते त्याच्याशी, मलाही ठाऊक नाही.

आणि आता माझ्या पोराच्या कंबरेचे दोन मणके सरकलेत. डॉक्टरनं फोटो काढून दाखवला, म्हणाला, ही कडक गाडी सोडा, मऊ चालणारी घ्या, नाहीतर दोन वर्षांत चालायचं बंद होईल. औदुंबर हसला. "मऊ गाडीचं फळ एकदा खाल्लंय, डॉक्टर."

परवा सकाळी तो बोटुकली घेऊन निघाला. कंबरेला पट्टा आवळलेला, एका हातानं दार धरून, एक पाय वर टाकून थांबला. दुसरा पाय उचलेना. दात आवळून त्यानं तो हातानं उचलला आणि आत घेतला. केशर सीटवर टाकायला उशी घेऊन बाहेर आली होती. आता ती नवी सून नाही, पोरं झालीत तिला. तिनं उशी दिली, माझ्यापाशी येऊन उभी राहिली, आणि त्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "सांगा की हो आता."

"काय सांगू?"

"मला विचारता?" ती म्हणाली. "पाच वर्षं मी तोंड धुताना सुद्धा बघून धुते, चुकून ते तोंडातून निघून जाईल म्हणून."

औदुंबरनं गाडी चालू केली होती. आम्हा दोघींची तोंडं हलताना बघून त्यानं ती बंद केली. सगळं एकदम शांत झालं. काच नव्हतीच त्या बाजूला. त्यानं मान बाहेर काढली.

"काय म्हणतीस, आई?"

त्याच्या कानशिलाचे केस पांढरे झालेत. चाळीसही नाही वय. मी दोन पावलं पुढं गेले. दाराला हात लावला. जन्मभर माझ्या तोंडाला कुणी आवरलं नाही. भावकी नाही, नवरा नाही. पंचायतीत उभं राहून मी पाटलाला बोललेय. तो वाट बघत होता. केशर मागं वाट बघत होती.

"हळू चालव," मी म्हटलं.

"हिला दुसरं येतंय काय?" तो हसला, आणि निघून गेला.

केशर वळली. ती आत गेली, आणि मी गाडीच्या धुरात उभी राहिले, तो विरेपर्यंत.